आर्डिस ब्रेक्केच्या वहीत न लिहिलेलं

आर्डिस ब्रेक्के गावाची सगळी अंडीपिल्ली एका वहीत लिहून ठेवतेय, अशी बातमी फेब्रुवारीत आमच्या हॉल्डनमध्ये पसरली. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ती उंच स्टुलावर बसलेली असते. मध्येच एप्रनच्या खिशातून हिरवी वही काढते, चष्म्यावरून माणसांकडे एक नजर टाकते, दोन ओळी खरडते आणि वही परत खिशात. कुणी म्हणालं, पुस्तक लिहितेय. कुणी म्हणालं, वकिलानं सांगितलंय. ग्लेंडा व्हॉसचं म्हणणं असं, की चर्चच्या जेवणाला कोण घरी करून आणतं आणि कोण दुकानातलं आपल्या भांड्यात ओतून आणतं, त्याची यादी चाललीय. हे सांगताना ग्लेंडाचे स्वतःचेच कान लाल झाले होते.

पुस्तकाचं मीच बोलले होते, नाही म्हणत नाही. पण खरं काय तेही मीच शोधून काढलं. आर्डिस फ्रीजकडे वळली, वही ओट्यावर उघडी राहिली, आणि माझी नजर पहिल्यापासून चांगली आहे. पानावर लिहिलं होतं : ‘वाटाण्याचं सूप, एक डाव. पाव अर्धा. लोणी नाही.’ मग ‘नाही’ खोडून त्यावर बारीक अक्षरात : ‘जरासं.’

एवढंच. गावाची अंडीपिल्ली नव्हती. अंडी होती, पण उकडलेली. मंगळवारी दोन.

मी मार्ला, तिची शेजारीण. आमच्या घरांमध्ये कुंपण नाही, एक लायलॅकचं झुडूप आहे, आणि हिवाळ्यात त्याला पानं नसतात, त्यामुळे मला बरंच कळतं.

आर्डिस एकतीस वर्षं इथल्या शाळेत स्वयंपाकीण होती. पन्नाशीच्या आतली सगळी डोकी तिच्या डावावर वाढलीत. शाळेच्या स्वयंपाकघरात डावांना नंबर असतात. आठ नंबरचा डाव म्हणजे बरोबर अर्धा कप. आर्डिसचं मनगट असं बसलेलं, की डोळे मिटून वाढलं तरी अर्धा कप म्हणजे अर्धाच कप, मग समोर पास्टर असोत नाहीतर स्वतःचा नवरा. निवृत्त झाली आणि चर्चचं स्वयंपाकघर तिनं ताब्यात घेतलं. लग्नं, बारशी, मयतीनंतरची जेवणं, सगळं तिच्या हाताखालून जातं. आणि सगळं चिनी मातीच्या ताटांत. कागदी ताट तिला चालत नाही.

पण ते स्वयंपाकघर तळघरात, आणि खाली जायला चौदा पायऱ्या. आर्डिसचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वीच संपला. गेल्या हिवाळ्यात ती कठडा धरून पाठमोरी उतरायची, शिडीवरून उतरतात तशी, आणि वर चढताना ऑर्लिन, तिचा नवरा, मागून हात टेकून उभा. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरनं गुडघा बदलायचं कबूल केलं. एप्रिलअखेरची तारीखही दिली, पण एका अटीवर. वजन दोनशे अडतीस पौंड होतं, ते दोनशे पंचवीसवर आणायचं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी काट्यावर उभं राहायचं. आकडा जमला नाही, तर तारीख दुसऱ्याला आणि हिचं नाव थेट पुढच्या हिवाळ्यात.

इकडे चर्चच्या समितीनं, अगदी गोड शब्दांत, ठरवून टाकलं होतं. एप्रिलमध्ये गुडघा झाला तर उन्हाळ्यापुरतं ग्लेंडा स्वयंपाकघर बघेल आणि सप्टेंबरात आर्डिस परत येईल. नाही झाला तर ग्लेंडा कायमची. ग्लेंडानं कागदी ताटांची दोन खोकी आधीच गाडीत ठेवली होती. मी पाहिली.

वही दिली ती दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीनं, केल्सीनं. जानेवारीत. मी गाडीतून सोबत गेले होते, म्हणून हे संभाषण माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“जे तोंडात जाईल ते लिहायचं, मिसेस ब्रेक्के. किती, कधी, तेही.”

“आणि त्यानं वजन उतरतं?”

“लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उतरतं.”

“न लिहिणाऱ्यांचं?”

“काहींचं तेही उतरतं.”

“मग वही कशाला, पोरी?”

“म्हणजे आपण काय खातो ते आपल्याला कळतं.”

“एकतीस वर्षं मी तीनशे पोरांनी काय खायचं ते ठरवलं. मी काय खाते ते मला कळत नाही होय?”

केल्सी गोड हसली आणि वही पुढे सरकवली. आर्डिसनं ती घेतली. आमच्याकडे कुणी काही पुढे केलं की दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. ती एकदाही नको म्हणाली नाही, तेव्हाच मला कळलं की बाई घाबरलीय.

आणि काय सांगू, पहिल्या दोन आठवड्यांत पाच पौंड उतरले! केल्सी खूष. कारण मात्र केल्सीला वाटत होतं ते नव्हतं. आर्डिस म्हणाली, “खाण्याआधी लिहायचं म्हणजे चष्मा शोधायला लागतो. चष्मा मिळेपर्यंत बिस्किटाची इच्छा निघून जाते.” मग ऑर्लिनला दया आली आणि त्यानं चष्म्याला दोरी लावून तिच्या गळ्यात अडकवला. पुढच्या आठवड्यात एक पौंड परत वर. आता हे वहीचं यश होतं की हरवलेल्या चष्म्याचं? माझं डोकं तिथपासूनच गरगरायला लागलं.

मग ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे सुरू झाले. आमच्या चर्चमध्ये या दिवसांत दर बुधवारी संध्याकाळी सूपाचं साधं जेवण असतं. साधं म्हणजे चार प्रकारचं सूप, सहा प्रकारचे पाव आणि शेवटी गोड वड्या नि घरून आणलेल्या पदार्थांची तीस भांडी. वहीबद्दलची बातमी दुरुस्त करावी म्हणून मी चार जणींना खरं ते सांगितलं, की बायांनो, ती फक्त काय खाल्लं ते लिहितेय. आणि तिथंच घोळ झाला. पुस्तक लिहितेय म्हटल्यावर लोक तिच्यापासून चार हात लांब राहत होते. आता सगळ्यांना आपला पदार्थ वहीत यायला हवा होता.

“आर्डिस, माझं बार्लीचं सूप घेतलंस ना? लिहिलंस?”

“लिहिलं गं.”

“काय लिहिलंस?”

“बार्लीचं सूप.”

“बस? एवढंच?”

“अगं, ती वही आहे, बक्षीस समारंभ नाही!”

पण ऐकतंय कोण. म्हातारा एल्मर तर खास शहरातून सॉसेज घेऊन आला आणि ती लिहीपर्यंत समोरून हलला नाही. व्हर्ना लुंडनं दोन वड्या जास्त ठेवल्या, “एक लिहायला आणि एक खायला.” ग्लेंडा नूडल्सचं भांडं घेऊन आली. आर्डिसनं चमचाभर चाखलं आणि लिहिलं : ‘ग्लेंडाचं. एक चमचा. पुरे.’ ते ‘पुरे’ ग्लेंडानं खांद्यावरून वाचलं. पुढच्या बुधवारी तिनं दुप्पट भांडं आणलं.

काटा दोनशे पस्तीस. मग दोनशे छत्तीस.

आर्डिस म्हणाली, या वहीनंच वजन वाढतंय, आणि एक आठवडा वही टीव्हीखालच्या कपाटात टाकली. काटा जागचा हलला नाही. ना वर, ना खाली. परत काढली. तेवढ्यात सोबत म्हणून ऑर्लिननंही एक वही सुरू केली. ऑर्लिन म्हणजे नुसती काठी. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचं काम केलं. त्याचे न मागता सात पौंड उतरले, विजार कमरेवर राहीना. दोघं एकाच टेबलावर, एकाच भांड्यातलं, सारख्याच डावांनी जेवतात. एक वही माणसाला वाळवते आणि दुसरी माणसाला फुगवते, हे कसं काय? मी केल्सीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्या पेशंटबद्दल बोलता येत नाही. मी म्हटलं, मी ऑर्लिनबद्दल विचारतेय. ती म्हणाली, ते तर पेशंटच नाहीत.

ऑर्लिनचं स्वतःचं म्हणणं वेगळंच. “ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, फरक म्हणजे माल. तुला दवाखान्यात दोन स्वेटर आणि लोकरीच्या आतल्या विजारीसकट तोलतात. रिकामा ट्रक कुणी तोललाय?”

“मला ट्रक म्हणालास?”

“मी पद्धत सांगितली.”

मार्चमध्ये केल्सीनं वही पानं उलटून उलटून वाचली आणि म्हणाली, “मिसेस ब्रेक्के, यात लिहिलंय एवढंच तुम्ही खात असाल, तर वजन उतरायलाच हवं. काही राहून जातंय का लिहायचं?”

आर्डिसचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिच्या मनगटावर संशय घेतलाय. “मी खोटं लिहीत नाही,” एवढंच बोलली. परतीच्या वाटेवर पन्नास मैल गाडीत कुणी बोललं नाही. मलाही बोलवेना, यावरून काय ते समजा.

मलाही वाटलं, चोरून खात असेल. वाटलं ते वाटलं. म्हणून पुढच्या बुधवारी मी भांडी पुसायला तिच्याशेजारी उभी राहिले. ती स्टुलावर बसून धुते, मी पुसते.

आता आमच्या इथली एक रीत. भांड्यातला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. मरून जाईल पण घेणार नाही. एक वडी उरली की येणारा तिचा अर्धा तुकडा कापतो. पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा. त्याच्या पुढचा त्याचाही अर्धा. शेवटी अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा राहतो, त्याच्या भोवती लोक कॉफीचे कप घेऊन उभे असतात आणि म्हणतात, नको नको, तू घे. मग ते भांडं स्वयंपाकघरात परत येतं. एक नाही. तीसच्या तीस. नखाएवढा तुकडा, कडेची खरवड, तळाचं चीज.

आर्डिसनं पहिलं भांडं उचललं, सुरीनं कड खरवडली, तुकडा तोंडात टाकला, भांडं साबणाच्या पाण्यात. दुसरं उचललं. तेच. हात असा चालत होता, की बघताना माझी नजर घसरून जात होती. चौथ्या भांड्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“आर्डिस, काय करतेस?”

“भांडी धुतेय. दिसत नाही?”

“तोंडात काय आहे?”

“तोंडात? काही नाही.” तिनं गिळलं. “व्हर्नाची वडी होती जराशी.”

“लिहिणार?”

“काय लिहायचं त्यात? ते काय खाणं आहे? भांडं साफ करायचं असतं.”

“केव्हापासून?”

“काय केव्हापासून? भांडी घासायला लागले तेव्हापासून! शाळेतही हेच करायचो आम्ही सगळ्याजणी. टाकायचं का चांगलं अन्न?”

मी कपाटातून एक चिनी मातीचं ताट काढलं, तिच्या कोपराजवळ ठेवलं. म्हटलं, “आज तोंडात नाही, यात टाक.” तिनं मला वेड्यात काढलं, पण टाकलं. तीस भांडी. ताटात ढीग झाला. रूबार्बच्या आंबट देठांची वडी, लिंबाची वडी, बटाट्याच्या गोळ्यांची जळकी कड, चॉकलेट, ग्लेंडाच्या नूडल्सची खरवड, जेलीचा एक थरथरणारा कोपरा. ताटाच्या काठावरून सांडायला आलं. भुकेल्या शेतमजुराला वाढावं एवढं जेवण.

आर्डिस हात पुसून बघत राहिली.

“हे कुणाचं ताट?” तिनं विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नाही.

“तुझं.”

“मी तर जेवले मघाशी. लिहिलंय मी.”

“हे त्यानंतरचं.”

तिनं खिशातून आठ नंबरचा डाव काढला. हो, ती तो खिशात बाळगते. ताटातला ढीग डावानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. सात डाव भरले आणि थोडं उरलंच. मग तिनं डाव पुसून परत खिशात ठेवला. वर हॉलमध्ये लोक भजन म्हणत होते.

“मी खोटं नव्हते लिहीत, मार्ला.”

“मला माहीत आहे.”

“तुला वाटलं होतं मी चोरून खाते.”

“वाटलं होतं,” मी म्हटलं. शेजारणीशी किती खोटं बोलणार.

त्या दिवसापासून सगळी खरवड माझ्या कोंबड्यांना. वही मात्र सुरूच, आता त्यात नवा रकाना : ‘खाल्लं नाही’. त्याखाली यादी लांबलचक. गोष्ट इथं सरळ व्हायला हवी होती, नाही का? रोग सापडला, औषध दिलं. आणि पुढच्या सोमवारी काटा म्हणतो, दोनशे सदतीस. एक पौंड वर!

त्या दिवशी ती चर्चच्या पायऱ्यांच्या तळाशी बसलेली मला सापडली. वर जायचं होतं, पण बसली होती. म्हणाली, “माझी मयत झाली ना, तर ग्लेंडा माझ्या मयतीचं जेवण कागदी ताटात वाढेल. ओलं झालं की वाकतात ती. लोकांच्या मांडीवर बटाटे सांडतील आणि म्हणतील, आर्डिसच्या मयतीला गेलो होतो, विजार खराब झाली.”

मी हसले नाही. हे मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलंय. तिच्या शेजारी पायरीवर बसले, आणि आम्ही दोघी मागे वळून त्या चौदा पायऱ्यांकडे खालून बघत राहिलो. मग तिनं कठड्याला हात घातला आणि म्हणाली, “चल, मागून हात लाव. ऑर्लिनसारखं ढकलू नकोस.”

त्यानंतर काटा उतरायला लागला. का, ते विचारू नका. दोनशे बत्तीस. एकोणतीस. सव्वीसवर येऊन ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात अडला. त्या आठवड्यात वही भरून संपली, आणि ईस्टरच्या गडबडीत नवी घ्यायची राहिली. म्हणजे शेवटचे सहा दिवस तिनं अक्षरही लिहिलं नाही. ग्लेंडानं त्याच आठवड्यात नूडल्स आणायचं बंद केलं, रागानं की दयेनं कोण जाणे. आणि ऑर्लिनची ती रिकाम्या ट्रकची गोष्ट आर्डिसच्या डोक्यात राहून गेली होती.

मंगळवारी सकाळी मी लायलॅकमधून बघितलं तर आर्डिस जुलैतला फुलाफुलांचा सुती झगा घालून गाडीकडे चाललीय. गॅरेजच्या सावलीत अजून बर्फाचा काळपट ढीग होता. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी. दंड उघडे, दात वाजतायत.

“अगं, मरशील!” मी ओरडले.

“गप बस आणि गाडीत बस!”

दवाखान्यात तिनं बूट काढले, चष्मा काढला, लग्नाची अंगठीही काढायला निघाली, ती निघेना. काट्यावर उभी राहिली. ऑर्लिन शेजारी वाकून आकडा बघत होता, कोठारावर बघायचा तसा. दोनशे साडेचोवीस.

केल्सीनं टाळी वाजवली. “बघा मिसेस ब्रेक्के! वहीचा उपयोग झाला की नाही?”

आर्डिस म्हणाली, झाला असेल. ऑर्लिन म्हणाला, लोकरीची विजार दीड पौंडाची आहे. मी म्हटलं, तीस भांडी. केल्सी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, आणि तिनं तिच्या कागदावर काय लिहिलं ते मात्र मला कुठूनही दिसलं नाही.

गुडघा एप्रिलअखेरीला ठरल्या दिवशी बदलला. उन्हाळाभर ग्लेंडानं कागदी ताटं चालवली. तीन जणांच्या मांडीवर बटाटे सांडले. समितीनं आर्डिसची सप्टेंबरची जागा लेखी दिली.

मे महिन्यात एक दिवस मी रूबार्बच्या वड्या घेऊन तिच्याकडे गेले. पाय उशीवर, शेजारी नवी वही, निळी. बशीत एक वडी उरली होती. मी तिचा अर्धा कापला. तिनं माझ्याकडे बघितलं, उरलेला पूर्ण अर्धा उचलून खाल्ला, आणि पेन्सिलीनं लिहिलं. मला राहवलं नाही.

“आर्डिस, आता खरं सांग. वहीनं उतरलं, का भांड्यांनी, का झग्यानं? गाव मला विचारतंय, मी काय सांगू? आणि वहीत आत्ता काय लिहिलंस, जरा दाखव.”

तिनं वही मिटून मांडीखाली सरकवली.

“जितक्या वेळा तू माझी वही चोरून वाचलीस ना मार्ला, तितक्या वेळा त्या चौदा पायऱ्या चढली असतीस, तर तुझेही चार पौंड उतरले असते.”